बंधाऱ्याचा आकडा आणि ब्लॉकातली वीज

(माइनक्राफ्ट या ब्लॉकांच्या संगणक खेळाचे मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे प्रोग्राम, लिहिणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या मुलामुलींपुढं कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, इथं जागा आहे. लॅपटॉप तूर्त मिटून ठेवा.

सुरुवात पुरापासून करतो, म्हणजे सगळे जागे व्हाल. जुलै महिना, आठ दिवस पाऊस हटलेला नाही. सकाळी उठल्यावर आपल्या घरात पहिला प्रश्न काय असतो? "बंधाऱ्याला किती झालं?" पंचगंगेतून किती पाणी वाहतंय, असं कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्याला किती फूट, एवढंच. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या पुरानंतर तर जास्तच.

आता बघा, पाणी आहे नदीत आणि आकडा आहे तुमच्या मोबाईलवर. मधल्या मधे कुणीतरी बंधाऱ्यावरची पट्टी वाचली, ती कळवली, ती तुमच्यापर्यंत आली. कळवणारा झोपला तर मोबाईलवर रात्रीचे ३७ फूट तसेच राहणार आणि पाणी दारात येणार. मोबाईल खोटं बोलत नाही, त्याला फक्त बातमी मिळालेली नाही.

माझ्याकडं मदत मागायला येणाऱ्या दहांपैकी निम्म्यांचा घोळ इथंच असतो. "सर, माझ्या मॉडमधली बॅटरी भरतीय, दिवे लागतायत, पण खिडकीतली साठा दाखवणारी पट्टी हलत नाही." पट्टीला बातमी कोण देतंय, विचारलं की गप्प.

थोडं मागं जाऊ. मूळ माइनक्राफ्टमध्ये साठवायची वीज असा प्रकारच नाही. रेडस्टोन आहे, पण तो ० ते १५ एवढाच संकेत. तो साठत नाही. साठणारी वीज आणली मॉडवाल्यांनी. प्रत्येकाचं मोजायचं एकक वेगळं: इंडस्ट्रियलक्राफ्टनं ईयू आणलं, थर्मल एक्सपान्शनवाल्यांनी आरएफ म्हणजे रेडस्टोन फ्लक्स आणलं, मेकॅनिझमचे आपले ज्यूल. पुढं फोर्जनं, म्हणजे ज्याच्यावर मॉड चालतात त्या चौकटीनं, स्वतःचं एफई (फोर्ज एनर्जी) दिलं, ते आरएफच्या बरोबरीनं, एकास एक. आज मी एफईबद्दलच बोलतोय. फॅब्रिक ह्या दुसऱ्या चौकटीवाल्यांचे तपशील वेगळे, पण नदी आणि मोबाईल तिथंही आहेतच.

तर नदी कुठं आहे? सर्व्हरवर. तुम्ही म्हणाल, मी एकटाच खेळतोय, माझा कुठला सर्व्हर? आहे. २०१२ च्या १.३ आवृत्तीपासून एकट्याच्या खेळातही आत एक सर्व्हर चालतो. तुमच्या बॅटरीच्या ब्लॉकाची, म्हणजे त्याची माहिती सांभाळणाऱ्या ब्लॉक एंटिटीची, खरी प्रत तिथं असते. सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळाच्या घड्याळाचे ठोके, पडतात, त्या प्रत्येक टिकला वीज आत-बाहेर होते, ती तिथं. पडद्यावर चित्र काढणारी बाजू म्हणजे क्लायंट. त्याच्याकडं त्याच ब्लॉकाची दुसरी प्रत असते, आणि तिच्यात तुम्ही पाठवलंत तेवढंच असतं. स्क्रीनच्या कोडमध्ये थेट ब्लॉक एंटिटीला "किती साठलंय गं?" विचारलंत, तर ती बिचारी शून्य सांगते. नाहीतर चंक, म्हणजे जगाचा तो तुकडा, उघडताना जे मिळालं होतं ते सांगते. म्हणून काहींची गंमत अशी होते की जगातून बाहेर पडून परत आलं की आकडा बरोबर दिसतो आणि मग तिथंच गोठतो. असं दिसलं की रोग हाच, दुसरा शोधू नका.

आणखी एक गोंधळ इथंच मिटवू. सेटचेंज्ड नावाची मेथड, म्हणजे कोडमधली आज्ञा, सगळे मारतात आणि समजतात की बातमी गेली. नाही गेली. सेटचेंज्ड म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात नोंद: हा ब्लॉक बदललाय, डिस्कवर लिहून ठेवा. गावात दवंडी पिटणं हे वेगळं काम. नोंद नाही केली तर बॅटरी पुढच्या वेळी जुन्याच आकड्यावर उघडेल. दवंडी नाही पिटली तर कुणाला कळणार नाही. दोन्ही लागतात. आणि फोर्जचा तयार एनर्जीस्टोरेज वर्ग ह्यातलं काहीच आपणहून करत नाही. त्याच्या घेण्या-देण्याच्या मेथडी ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्या पद्धतीनं परत लिहून, तुम्हालाच सांगावं लागतं. फक्त सिम्युलेट खरं असेल तेव्हा नोंद करू नका; तो नुसता भाव विचारायला आलेला असतो, माल उचललेला नसतो.

दवंडी कुणासमोर पिटायची? खिडकी उघडून बसलेल्या खेळाडूलाच आकडा हवा असेल तर मेन्यूचे, म्हणजे त्या खिडकीमागच्या कोडचे, डेटा स्लॉट वापरा; एकेक आकडा पाठवायचे कप्पेच ते. सर्व्हर दर टिकला बघतो, आकडा बदलला असेल तरच पाठवतो आणि ज्यानं खिडकी उघडलीय त्यालाच पाठवतो. स्वस्तातलं काम. प्रत्येक बदलाला ब्लॉकाची सगळी माहिती आसपासच्या सगळ्यांना पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. दहा जणांच्या सर्व्हरवर अशा शंभर बॅटऱ्या लावा आणि मग बघा सर्व्हर कसा कण्हतो.

ह्या डेटा स्लॉटांनी मला जे खड्ड्यात घातलं, ते सविस्तर सांगतो.

माझी पहिली बॅटरी १,००,००० एफईची. घरी तासभर तपासली, झकास. तासभरात ती तीस हजारांपर्यंतच भरली होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. भाच्याला दिली. संध्याकाळी त्याचा फोन: "मामा, तुमची बॅटरी उणे दाखवाय लागलीया. वजा २५,५३६. आता मीच हिचं देणं लागतो काय?"

झालं होतं असं. स्लॉटमध्ये आपण इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, ठेवतो, पण खेळ तो पाठवताना शॉर्ट म्हणजे छोटा पूर्णांक म्हणून पाठवतो. १६ बिट, चिन्हासकट. म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७. जुन्या गाडीच्या मीटरवर ९९,९९९ नंतर सगळी शून्यं येतात ना, तसं इथं ३२,७६७ नंतर एकदम −३२,७६८. बॅटरीत ४०,००० होते. त्यातून ६५,५३६ वजा करा, −२५,५३६. भाच्याचा आकडा तंतोतंत. आणि गंमत म्हणजे पूर्ण भरल्यावर, १,००,००० ला, ती −३१,०७२ दाखवायची. भरलेली बॅटरी सगळ्यात कंगाल!

उपाय जुना आहे: आकड्याचे दोन तुकडे करा, दोन स्लॉटांत पाठवा, पलीकडं जोडा. खालचे १६ बिट एकात, वरचे १६ दुसऱ्यात. १,००,००० चा वरचा तुकडा १, खालचा ३४,४६४. पण थांबा, खालचा तुकडा पलीकडं पोचतो तो −३१,०७२ होऊन, कारण तोही शॉर्टच आहे. तसाच जोडलात तर ६५,५३६ मधून ३१,०७२ गेले, हातात ३४,४६४. म्हणजे उणे गेलं आणि त्याच्या जागी सोज्वळ दिसणारा चुकीचा आकडा आला, जो जास्त वाईट. जोडण्याआधी खालच्या तुकड्यावर १६ बिटांचा मास्क, म्हणजे फक्त खालचे १६ बिट ठेवणारी चाळण, लावायचा, की तो परत ३४,४६४ होतो. मी मास्क विसरलो होतो. भाच्याचा दुसरा फोन काय होता ते सांगत नाही.

फोर्जमधूनच निघालेल्या नव्या निओफोर्जमध्ये इथून पूर्ण इंट जातो, त्यामुळं तिथं ही कसरत नाही. पण जुन्या आवृत्तीसाठी लिहिणाऱ्यांना सुटका नाही, आणि तुमच्यातले निम्मे तिथंच आहेत.

आता पट्टी. पट्टीची उंची समजा ५२ पिक्सेल. सूत्र सरळ आहे: साठा गुणिले ५२ भागिले क्षमता. आधी भागाकार केलात तर पूर्णांकात उत्तर शून्य. पट्टी शेवटपर्यंत रिकामी आणि मग एकदम फुल्ल. म्हणून गुणाकार आधी. पण गुणाकार आधी केला की दुसरीकडं गळती. इंटची हद्द २१४ कोटींच्या थोडी वर. बॅटरीत ५ कोटी असतील तर गुणिले ५२ म्हणजे २६० कोटी. हद्द ओलांडली, पट्टी उणे. लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकात, गुणा. आणि पडद्यावर वाय, म्हणजे उभं अंतर, वरून खाली मोजतात, त्यामुळं पट्टी तळातून चढवायची तर वरचं टोक रिकाम्या भागाइतकं खाली सरकवावं लागतं. ह्यावर प्रत्येकाचा एक दिवस जातो, तुमचाही जाऊ दे.

ह्यापुढचं माझं मत आहे, पटलं तर घ्या. आतमध्ये थोडी जरी वीज असेल तरी पट्टीला किमान एक पिक्सेल द्या, आणि पूर्ण भरल्याशिवाय शेवटचा पिक्सेल देऊ नका. खेळाडूचे खरे प्रश्न दोनच असतात: रिकामी आहे का आणि भरली का.

आकड्यांचे स्वल्पविराम हा आपला खास त्रास. जावाचा डेसिमलफॉरमॅट तीन-तीनचेच गट पाडतो, लाख-कोटी त्याला जमत नाहीत. १२,५०,००० दाखवायचे असतील तर स्वतः लिहा, दहा ओळींचं काम आहे. मी लिहिलंय. भाच्याला 'साडेबारा लाख' दिसलं की कळतं. 'वन पॉइंट टू फाइव्ह एम' वाचून तो मलाच विचारतो.

पण नुसता साठा सांगून भागत नाही, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? पावसाळ्यात राधानगरीची बातमी कशी येते? धरण इतके टक्के भरलं, आणि लगेच पुढं: विसर्ग इतके क्युसेक. साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. एक किती आहे ते सांगतो, दुसरा किती वेगानं जातंय ते. तुमच्या बॅटरीलाही एफई आणि एफई प्रति टिक, दोन्ही द्या. शेवटच्या २० टिकांची सरासरी काढा, नाहीतर आकडा नाचतो, वाचता येत नाही. आणि आवक-जावक वेगळी दाखवा. २०० येतात, २०० जातात, तुम्ही दाखवलंत शून्य. खेळाडूला वाटतं यंत्र बंद पडलं आणि तो तारा उपसत बसतो.

खिडकी न उघडता दाखवायचं तर जेडसारखे मॉड आहेत. ब्लॉककडं नुसतं बघितलं की माहिती वर येते. तुमच्या ब्लॉकानं एफईची कॅपॅबिलिटी, म्हणजे दुसऱ्या मॉडना साठा विचारायची सोय, नीट उघडी ठेवली असेल तर जेड साठा आपणहून दाखवतो, एक ओळ लिहावी लागत नाही. जेडही सर्व्हरलाच विचारतो बरं का.

आणि ब्लॉकाच्या अंगावरच? इथं मूळ खेळाकडूनच शिका. २०२० च्या १.१६ मधला रीस्पॉन अँकर बघा, मेल्यावर परत कुठं उगवायचं ते ठरवणारा ब्लॉक. चार्ज ० ते ४, प्रत्येक पायरीला बाजूंवरचं चित्र बदलतं. कंपॅरेटर, म्हणजे ब्लॉक किती भरलाय ते रेडस्टोनच्या संकेतात सांगणारा भाग, लावला तर ०, ३, ७, ११, १५. पाचच पायऱ्या, पण लांबून कळतं. तुम्ही शंभर पायऱ्या करायला जाल. करू नका. ब्लॉकस्टेट, म्हणजे ब्लॉकाची दिसणारी अवस्था, बदलली की १६ बाय १६ बाय १६ चा तो तुकडा परत रंगवावा लागतो. शिवाय साठा पायरीच्या काठावर वर-खाली होत असेल तर चित्र लुकलुकत राहतं. पायरी चढायला एक आकडा, उतरायला त्याहून थोडा कमी आकडा ठेवा. पाणी ३९ ला टेकून पाव इंच उतरलं म्हणून कुणी लगेच सामान खाली आणत नाही.

राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांचा विषय निघाला की मी भरकटतो. आकडा नाही, पडदा नाही, पाण्याच्या जोरावर दार आपलं आपण उघडतं. कंपॅरेटर लावून तसलं दार खेळात बांधून बघा एकदा, नाद खुळा होतं.

काय विचारतोयस? बॅटरी फोडून हातात घेतली तर? चांगला प्रश्न. ब्लॉक गेला की ब्लॉक एंटिटी गेली, वीजही गेली. ब्लॉक फोडल्यावर काय हाती येणार ते लूट टेबलमध्ये लिहिलेलं असतं; तिथं वीज वस्तूवर उतरवून घ्यायला सांगितलं तरच वाचते. वस्तूसोबतची ही माहिती १.२०.५ आवृत्तीपासून डेटा कंपोनंट नावाच्या पद्धतीत जाते, त्याआधी एनबीटी नावाच्या जुन्या पद्धतीत. आणि वस्तूखाली ती छोटी पट्टी दिसते ना, कुदळ झिजल्यावर येते ती, तीच वापर. तिची रुंदी १३ पिक्सेल. ५२ ची सवय लागलेले सगळे तिथं आधी चुकतात.

चला, उघडा लॅपटॉप. पावसाचे दिवस आहेत, लाइट आहे तोवर उरकू. बॅटरीत सुरुवातीलाच ४०,००० टाका आणि खिडकी उघडा. कुणाकुणाचं उणे येतंय, हात वर करा.