रिकाम्या स्टडची यादी

(दृश्य : अर्धवट उघडलेले शटर, मागे धुळीने झाकलेली गाडी. बोनेट उघडते.)

पडद्यावर दिसणारी ही गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. मिरजेजवळच्या एका गोदामात ती बरीच वर्षे पोत्यांच्या थप्पीमागे उभी होती, आणि गेल्या महिन्यात पुण्यातल्या नव्या मालकांनी ती ट्रकवर चढवून आणली. व्यवहार ठरताना विकणाऱ्याने “इंजिन पूर्ण आहे, फक्त चालू करायचे आहे” असे सांगितले होते. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते, की त्याचा अर्थ ‘इंजिनाचा ब्लॉक (म्हणजे मुख्य ओतीव धड) जागेवर आहे’ एवढाच घेतलेला बरा. म्हणून या इंजिनातून काय काय गेले आहे याची यादी करणे, हे पहिले काम.

या इंजिनाचे कूळ इटलीतले. तुरिनच्या फियाट कंपनीने १९५३ साली ‘११००-१०३’ ही गाडी बाजारात आणली आणि वर्षभरातच मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सकडून ती भारतात मिळू लागली. १९४४ साली ही कंपनी उभी राहिली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातून. पुढे ही पहिली, लोकांच्या तोंडची ‘डुक्कर फियाट’ गेली, डिलाइट आली, प्रेसिडेंट आली, पद्मिनी आली. पत्रा बदलला, दिवे बदलले, नाव बदलले, पण १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन मूळ रचनेत तेच राहिले. त्यामुळे डिलाइटचा एखादा भाग हरवला, तर तो पद्मिनीच्या इंजिनावरून मिळण्याची आशा असते. उलट इटलीत ‘११०० डी’ या नावाने विकलेल्या गाडीचे इंजिन १२२१ सीसीचे होते. तिच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि आपल्या गाडीचा ६८ मिलिमीटर, म्हणून केवळ नाव पाहून परदेशातून मागवलेले पिस्टन किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचे झाकण यांच्यामधले पॅकिंग) इथे बसत नाही. नव्या मालकांनी ट्रक पोहोचण्याआधीच असे एक गॅस्केट मागवून ठेवले होते. ते आता गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकते आहे.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही आणि मालकांना पाण्याचा पाइपही लावू दिला नाही. हरवलेला भाग डोळ्यांना दिसत नसतो, दिसते ती त्याची जागा, आणि ती जागा ओळखायची असेल तर वर्षानुवर्षे साचलेला तेलकट मळ हाच पुरावा असतो. जिथे एखादा भाग बसत होता, तिथे मळाच्या मधोमध स्वच्छ धातूचा ठसा उरतो, कडेने जुन्या पॅकिंगची कागदी रेघ चिकटलेली असते, आणि भाग अलीकडे काढला असेल तर बोल्टच्या भोकाभोवती वायसरच्या मापाचे चकचकीत कडे दिसते. भाग फार पूर्वी गेला असेल तर तेच कडे गंजलेले असते. इंजिन धुतल्यावर ही सगळी लिखापढी वाहून जाते. म्हणून आधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे, मग पार्ट्स कॅटलॉगमधल्या सुट्या भागांच्या चित्रांशी मेळ, आणि त्यानंतरच केरोसीन आणि ब्रश.

सहज नजरेत भरणारी उणीव म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर आणि त्याच्यावरचा एअर क्लीनर. हे भाग चार नट सोडले की हातात येतात आणि लगेच विकले जातात, त्यामुळे उभ्या गाडीवरून तेच आधी जातात. मॅनिफोल्डवर, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, कार्बोरेटरचे स्टड (कायमचे रोवलेले, डोके नसलेले बोल्ट) तेवढे उभे आहेत. मात्र कॅमेरा जवळ नेल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचा सोलेक्स कार्बोरेटर त्या स्टडवर ठेवून पाहिला, तेव्हा नट पूर्ण आवळल्यावरही स्टडचे आटे बोटभर वर उरले. याचा अर्थ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसणारा, इंजिनाची उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटरही गेलेला आहे. तो नसेल तर मॅनिफोल्डच्या तापाने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू लागते, आणि उन्हाळ्यात घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. कार्बोरेटर यादीत कोणीही लिहील. इन्सुलेटर लिहिला जातो तो स्टडची लांबी पाहणाऱ्याकडूनच.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोची गोष्ट सरळ आहे. ब्रॅकेट आहे, पट्टा ताणण्याची चाप आहे, एक जाड आणि एक बारीक अशा दोन वायरी लोंबत आहेत, आणि चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटची पेटी अजून जागेवर आहे. डायनॅमो तेवढा नाही.

पेट्रोल पंपाच्या जागी दोन स्टडांवर पत्र्याची चकती आवळलेली आहे, आणि तिचे पॅकिंग वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेले आहे. इथे काही हरवलेले नाही, कोणीतरी विचार करून काढलेले आहे. मूळ पंप कॅमशाफ्टवर चालतो. तो बिघडल्यावर मागे टाकीजवळ विजेचा पंप बसवला गेला असावा, कारण तिथे जाणारी लाल वायर चेसिसच्या कडेने अजूनही दिसते. यादी करताना असा फरक करावा लागतो, कारण चोरीला गेलेल्या भागाची किंमत विकणाऱ्याशी बोलता येते, पण जुन्या मालकाच्या जुगाडाची येत नाही.

(दृश्य : डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा उघडतात.)

चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर बाहेरून शाबूत आहे. वरची टोपी काढल्यावर आतला रोटर नाही हे कळते. हा अंगठ्याएवढा भाग नसेल तर कॉईलचा करंट एकाही प्लगपर्यंत पोहोचत नाही. अर्थात यात चोरीचा संशय घेण्याचे कारण नाही. गाडी बराच काळ उभी करायची असली, की रोटर काढून खिशात घालायची अनेकांची सवय होती. या गाडीचा रोटर कोणत्या सदऱ्याच्या खिशातून धुण्यात गेला, हे आता कोण सांगणार!

चौथ्या सिलिंडरचा प्लगही नव्हता, पण त्या भोकात कोणीतरी तेलात भिजवलेली चिंधी घट्ट कोंबून ठेवली होती. मिस्त्रींनी चारही भोकांतून थोडे थोडे तेल सोडले, एक रात्र जाऊ दिली, आणि सकाळी पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हळूच फिरवून पाहिले. ते फिरले. उघड्या भोकातून पावसाची ओल आत गेली असती तर पिस्टन तिथेच धरून बसला असता. चिंधी कोंबणाऱ्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

यानंतर लपलेल्या भागांचा शोध सुरू होतो, आणि तिथे कॅटलॉगचे चित्रही पुरत नाही. रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपच्या मुळाशी थर्मोस्टॅटचे घर आहे. बाहेरून ते पूर्ण दिसते, बोल्ट आहेत, पॅकिंग आहे. उघडले तेव्हा आत पितळी डबी नव्हती.

“साहेब, हा आमच्याच लोकांचा प्रताप,” असे मिस्त्री म्हणाले, आणि ते खरे आहे. आपल्याकडे गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकणे हा अनेक गॅरेजांतला पहिला उपाय असतो. पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणे हे या डबीचे काम. ती नसेल तर इंजिन गरम होण्यास फार वेळ लागतो, तोवर जादा पेट्रोल देणारा चोक ओढून ठेवावा लागतो, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या, तेलात उतरते. गाडी तापण्याचे मूळ बहुधा गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये असते, शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला होते.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टीही सापडली नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ही पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो, आणि ती केबल तापून धूर येतो. चोकची केबल सोलून पाहिली, तर आतली तार निळी पडलेली होती. पट्टी गेल्यानंतरही ही गाडी काही काळ चालवली गेली, हे त्या निळ्या रंगावरून कळले.

तेलाची पातळी पाहायची डिपस्टिक आहे, पण ती या इंजिनाची नाही. तिचा कॉलर नळीच्या तोंडावर नीट टेकत नाही. चुकीची डिपस्टिक ही नसलेल्या डिपस्टिकपेक्षा वाईट, कारण ती तेल असल्याचे खोटे सांगते. काही बोल्टही असेच परके निघाले. फियाटचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, आणि वॉटर पंपावरच्या दोन बोल्टांना मात्र इंचाच्या मापाचा पाना लागला. ते बहुधा एखाद्या अँबेसेडरवरून आले असावेत आणि जोर लावून बसवलेले असावेत, तेव्हा तिथले आटे आता नव्याने पाडावे लागतील.

ब्लॉकवरचा इंजिन नंबर नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी जुळला, ही मोठी जमेची बाजू ठरली. २०२१ सालच्या नियमदुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही.

यादी अखेर ३१ ओळींची झाली. नाना पेठेतल्या दुकानांत पॅकिंगे, रोटर आणि थर्मोस्टॅट मिळाले. डायनॅमो आणि कार्बोरेटर कुर्ल्याच्या भंगार बाजारात, म्हणजे हे इंजिन जिथे जोडले गेले त्याच परिसरात, एका पद्मिनीच्या सांगाड्यावरून उतरवले.

एकतिसाव्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होते. ब्लॉकच्या बाजूला आटे पाडलेली दोन भोके रिकामी होती, कॅटलॉगमध्ये तिथे काहीच दाखवलेले नव्हते, आणि मालकांना मात्र काहीतरी मोठा भाग गेल्याची खात्री वाटत होती. ओळखीच्या एका डिलाइटचे बोनेट उघडून पाहिले. तिथेही ती दोन भोके रिकामीच होती, आणि आत कारखान्यातल्या रंगाचा थर न फुटता तसाच होता. मिस्त्रींनी ती ओळ खोडली, दोन्ही भोकांत बोटाने ग्रीस भरले आणि वॉटर पंपाचा परका बोल्ट सोडायला घेतला.