लग्न कोणी लावलं होतं?

नमस्कार श्रोतेहो. लग्न कोणी लावलं, हा प्रश्न आपल्याकडे आठ दिवसांनंतर कोणाच्या डोक्यातही राहत नाही. गुरुजींच्या हातावर दक्षिणा ठेवली की विषय संपला. मिशेल ओबामांच्या बाबतीत मात्र तो पंधरा वर्षांनी निघाला, आणि अख्ख्या अमेरिकेनं चघळला.

३ ऑक्टोबर १९९२ रोजी शिकागोच्या ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये मिशेल रॉबिन्सन आणि बराक ओबामा यांचं लग्न झालं. लावलं पाद्री जेरेमाया राइट यांनी. पुढे दोन्ही मुलींचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला. बराक यांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नावही राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलेलं. म्हणजे ओळख काही वर्षाकाठी एकदा हात जोडण्यापुरती नव्हती.

शिकागोचा दक्षिण भाग, साउथ साइड, म्हणजे काळ्यांची वस्ती. मिशेल तिथंच वाढल्या. १९७२ मध्ये राइट या चर्चमध्ये आले तेव्हा सभासद होते ८७. पुढे ते हजारोंच्या घरात गेले. काळ्यांच्या चर्चला नुसतं प्रार्थनेचं ठिकाण समजलं की गल्लत होते. गुलामगिरीपासून गोऱ्यांच्या नजरेआड मोकळेपणानं रडायला, चिडायला, एकमेकांच्या मदतीला उभं राहायला हक्काची जागा हीच. तिथला पाद्री हळू आवाजात बोलत नाही. तो गातो, ओरडतो, समोरचे ‘आमेन’ म्हणून साथ देतात. आपलं कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बुवा राज्यकर्त्यांना झोडपायला लागले की मंडपात कशी जान येते!

बराक राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते तेव्हा, मार्च २००८ मध्ये, एबीसी वाहिनीनं राइट यांच्या प्रवचनांचे काही सेकंदांचे तुकडे दाखवले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पहिल्याच रविवारी राइट म्हणाले होते की अमेरिकेनं जगात जे पेरलं तेच घरी उगवलं. २००३ च्या एका प्रवचनात तर ‘देव अमेरिकेचं भलं करो’ हे वाक्य उलटं करून त्यांनी देशाला शापच दिला होता. हे राइट स्वतः मरीन दलात आणि नौदलात राहिलेले. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वैद्यकीय पथकात होते. ते तुकड्यांत मावलं नाही. पण त्यांची बाजू सगळीच घ्यावी असंही नाही. एड्सचा विषाणू सरकारनं काळ्यांना संपवायला बनवला, हे त्यांचं म्हणणं निखालस खोटं होतं.

आता मिशेल यांच्याकडे येऊ. महिनाभर आधीच, फेब्रुवारीत, विस्कॉन्सिनच्या प्रचारात त्या बोलून गेल्या होत्या की जाणत्या वयात पहिल्यांदाच आपल्याला देशाचा अभिमान वाटतोय. ते वाक्य आणि पाद्रीबुवांची प्रवचनं विरोधकांनी एका दोऱ्यात ओवली. नवरा गोड बोलतो, पण घरातलं खरं बोलणं बायकोच्या तोंडून बाहेर पडतं, असा तो हिशेब.

१८ मार्चला बराक यांनी फिलाडेल्फियात या वादावर सदतीस मिनिटांचं भाषण केलं. वंशभेदाचा दोन शतकांचा इतिहास त्यात आला, त्यांची गोरी आजीही आली. पत्नीच्या वाट्याला असं व्यासपीठ येत नाही. तिला मिळतो मुलाखतीत नवऱ्याशेजारचा कोच. राइट यांनी एप्रिलअखेर वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर पुन्हा तेच सगळं बोलून दाखवलं, बराक यांनी त्यांच्याशी उघड फारकत घेतली, आणि लगेच एनबीसीच्या मुलाखतीत दोघं शेजारी बसली. प्रश्न पाद्रींवर आला तेव्हा मिशेल एवढंच म्हणाल्या, आता पुढे जायला हवं, या चर्चेनं माझ्या मुलींचं काही भलं होत नाही. मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटत नाही. ज्यांनी आपलं लग्न लावलं, त्यांना टीव्हीवर शिव्या घालाव्यात, तर माणुसकी जाते. पाठीशी घालावं, तर निवडणूक जाते. नवरा निदान उमेदवार होता.

मेअखेरीस दोघांनी चर्च सोडलं. पत्रावर सह्या दोघांच्या.

तरी पिच्छा सुटला नाहीच. याच चर्चच्या व्यासपीठावरून मिशेल गोऱ्यांना हिणवणारा शब्द बोलल्याची ध्वनिचित्रफीत आहे, अशी आवई उठली. ‘माझ्या ओळखीच्याच्या ओळखीच्यानं पाहिली’ म्हणणारे पुष्कळ. फीत आजतागायत कोणी दाखवलेली नाही. प्रचारयंत्रणेला अफवा खोडायला वेगळं संकेतस्थळ काढावं लागलं. जुलैत न्यूयॉर्कर साप्ताहिकानं या सगळ्या अफवांची थट्टा म्हणून मुखपृष्ठावर मिशेल यांच्या खांद्याला बंदूक अडकवली. थट्टा कळणारे हसले. बाकीच्यांना आयताच पुरावा मिळाला.

२५ ऑगस्टला डेन्व्हरच्या पक्ष अधिवेशनात त्या बोलायला उभ्या राहिल्या. राइट यांचं नाव नाही, खुलासा नाही. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. फ्रेझर रॉबिन्सन, शिकागो महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला. तरुणपणीच मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडलेला. सदऱ्याची बटणं लावताना बोटं साथ देईनात, दोन काठ्यांवर खोली ओलांडून ते मिशेल यांच्या आईचा मुका घ्यायला जात. कामावर उशीर होऊ नये म्हणून ते एकच करत: रोज जरा लवकर उठत.