कात्री लावलेला शेक्सपिअर

श्रोतेहो, नमस्कार. शेक्सपिअरच्या नाटकाला कुणी कात्री लावली की जाणकार नाक मुरडतात. आज मी त्या कात्रीच्या बाजूने बोलणार आहे.

१९८६ साली दिग्दर्शक मायकेल बोग्दानोव्ह आणि नट मायकेल पेनिंग्टन यांनी ‘इंग्लिश शेक्सपिअर कंपनी’ काढली. मोठं नाटक लंडनबाहेरच्या गावोगावी न्यायचं, हा त्यांचा बेत. आधी ‘हेन्री चौथा’चे दोन भाग आणि ‘हेन्री पाचवा’ घेऊन ते दौऱ्यावर निघाले. पुढच्या वर्षी त्याला मागची-पुढची नाटकं जोडली आणि ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ ही सात नाटकांची मालिका उभी राहिली. दुसऱ्या रिचर्डपासून तिसऱ्या रिचर्डपर्यंत, इंग्लंडच्या गादीसाठीची सगळी मारामारी. मूळ नाटकं खरं तर आठ. ‘हेन्री सहावा’चे तीन भाग आटवून यांनी दोन केले.

का केले? शेक्सपिअरने ‘हेन्री सहावा’ लिहिलं ते उमेदवारीच्या काळात, १५९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. ‘हेन्री पाचवा’ १५९९चं, हात पुरता बसल्यानंतरचं. पण इतिहासात पाचवा आधी आणि सहावा नंतर! काही ठिकाणी ही सातही नाटकं एका आठवडाअखेरीत व्हायची: शुक्रवारी रात्री एक, मग शनिवारी आणि रविवारी तीन-तीन. म्हणजे शनिवारी रात्री पाचव्या हेन्रीची भाषा कानात घेऊन घरी गेलेला प्रेक्षक रविवारी सकाळी येऊन बसणार, आणि समोर काय? त्याच पाचव्या हेन्रीची अंत्ययात्रा. तेवढ्यात एक दूत येतो, फ्रान्समधली गावं गेली म्हणून सांगतो. त्याच्या मागून दुसरा, त्याच्या मागून तिसरा, तेही वाईटच बातम्या घेऊन. पुढे इतके सरदार येतात की कोण कुणाचा चुलता हे कळेपर्यंत निम्मे मेलेले असतात. इथे कात्री नको म्हणणाऱ्याने तो रविवार एकदा बसून काढावा.

ही युक्ती नवी नव्हती. १९६३ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, दिग्दर्शक पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी याच शेवटच्या चार नाटकांची तीन केली होती. बार्टनने तर हजाराहून जास्त ओळी स्वतःच शेक्सपिअरच्या वळणाने लिहून जोडल्या. मला कापणं चालतं. हे जोडणं मात्र जरा जास्तच वाटतं.

बोग्दानोव्हची खरी कमाल दिसते ती कपडेपटात. काळ एकच नाही. चिलखत, लष्करी गणवेश, आजचे सूट, सगळं एकाच मालिकेत. पाचव्या हेन्रीची फौज फ्रान्सला निघते तेव्हा सैनिक फुटबॉलच्या टोळक्यासारखे गात निघतात, हातात फ्रेंचांना शिवी देणारा फलक. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धाला पाच वर्षंही झाली नव्हती. त्या युद्धावर निघालेल्या जहाजांचा निरोप प्रेक्षकांनी टीव्हीवर पाहिलेला. अनेकांना हे झोंबलं. पण संहिता उघडून बघा: चला गड्यांनो, जळवांसारखे जाऊन रक्त शोषूया, असं शेक्सपिअरचा पिस्टल नावाचा सैनिकच तिथे म्हणतो. फलक फार तर त्याचं भाषांतर.

आपल्याकडेही हे घडलंच की. आगरकरांनी हॅम्लेटचा चंद्रसेन केला, ‘विकारविलसित’मध्ये, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी तो गाजवला. गावोगावच्या प्रेक्षकांना तो राजपुत्र आपलाच वाटला.

‘तिसरा रिचर्ड’मध्ये शेवटची झुंज दोघं जड चिलखतं घालून करतात. रिचर्ड पडतो. मग त्याला हरवणारा, पुढचा राजा होणारा रिचमंड नीटनेटका होऊन टीव्ही कॅमेऱ्यासमोर बसतो आणि शांततेचं भाषण करतो. शब्द शेक्सपिअरचेच, पण कॅमेऱ्यामुळे आपण त्याच्यावर पटकन विश्वास ठेवायला तयार होत नाही.

दौऱ्याच्या अखेरीला, १९८९ मध्ये, वेल्समधल्या स्वान्सीच्या ग्रँड थिएटरात या सातही नाटकांचं चित्रीकरण झालं. कुठे मिळालं आणि सातांचा धीर नसेल, तर ‘हेन्री पाचवा’ आणि ‘तिसरा रिचर्ड’ एवढे दोन तरी बघा. नमस्कार.