खडकी ते फ्रान्स, व्हाया सेन्सॉर

स्क्रीनवर हा जो टाइप केलेला इंग्रजी कागद दिसतोय तो 1915 सालचा आहे, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या शिपायांच्या पत्रांचा. म्हणजे पत्रं नव्हेत, त्यातले उतारे, तेही भाषांतर करून. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असे ढीगभर आहेत. आणि मूळ पत्रं? ती गेली गावाकडं.

26 सप्टेंबर 1914 पासून हिंदुस्थानी फौज फ्रान्समधल्या मार्सेलिस बंदरात उतरायला लागली. हो, तेच मार्सेलिस, चार वर्षं आधी सावरकरांनी बोटीतून उडी मारली ते. या फौजेत खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या, त्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते.

आता पत्र लिहायचं कसं ते ऐका. लिहिता येणारे थोडे, त्यामुळं एकजण सांगणार, दुसरा लिहिणार आणि शेजारचे दोघंतिघं कान देऊन बसणार. बायकोला काही सांगायचं असलं तरी ते असंच चारचौघांत! गावात पत्र पोचलं की तिथंही तीच तऱ्हा, पोस्टमन नाहीतर मास्तर वाचून दाखवणार आणि निम्मी आळी ऐकणार.

आणि मधे बसले होते हॉवेल साहेब. आयसीएसवाले, म्हणजे इंग्रज सरकारचे बडे अधिकारी, हिंदुस्थानी फौजेच्या टपालाचे मुख्य सेन्सॉर. सुरुवात झाली ती गदरवाल्यांचा, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या क्रांतिकारकांचा मजकूर टपालातून फौजेत शिरतोय की काय या धास्तीनं, पण पुढं साहेबाला शिपायाच्या मनात काय चाललंय तेच हवं झालं. मार्च 1915 पर्यंत आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं निघत होती, उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी, सगळी वाचणार कोण? मग रेजिमेंटमध्ये एकदा चाळायची, नंतर फ्रान्समधल्याच बुलोनच्या सेन्सॉर ऑफिसात त्यातली काही उघडायची, कामाचं वाटेल तेवढं इंग्रजीत करायचं, टाइप करायचं, रिपोर्टला जोडून लंडनला इंडिया ऑफिसकडं, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याकडं धाडायचं. आपण बघतोय ते कागद हेच.

शिपायांना हे माहीत होतं, ते काय कच्चे होते होय! काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत, असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटावं स्वयंपाकाचं चाललंय. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. साहेबानं तेही ओळखलं, ती गोष्ट वेगळी.

हा फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावचा स्मारकस्तंभ, 1927 चा, वरती कमळ, शेजारी दगडी वाघ, भिंतीवर लढाईत गेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांची 4,700 च्या वर नावं. याच गावात 28 ऑक्टोबर 1914 ला खडकीच्या त्या दोन्ही कंपन्यांची फार माणसं गेली. 1915 संपता संपता पायदळ मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराककडं हलवलं, घोडदळ फ्रान्समध्येच मागं राहिलं.

साताऱ्यात, कोकणात कित्येक गावांत अशा पाट्या दिसतात, या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. साहेबाच्या फायली तिकडं व्यवस्थित जपल्यात, आपल्या माणसाचं बोलणं त्याच्याच भाषेत मात्र हाती लागत नाही. म्हणून म्हणतो, माळ्यावरची ट्रंक भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. पणजोबांचा कागद मोडीत असेल, वाचता येत नाही म्हणून चुलीत घालू नका, मोडी वाचणारी माणसं आहेत अजून. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटावरच्या शिक्क्याचाही.