शंभर मायक्रोसेकंदांत टायटॅनियम कसं तुटतं

[दृश्य : चिमटीत धातूचा तुकडा]

हा दंडगोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. व्यास ६ मिलिमीटर, लांबी ५. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. जेट इंजिनाच्या पंख्याची पाती याची करतात. उडता पक्षी आत गेला तर पातं वाकेल की मोडेल, हे साध्या दाबयंत्रावर कळत नाही. ते यंत्र तुकडा दाबायला मिनिटं घेतं. पक्षी तेवढी सवड देत नाही.

[दृश्य : हॉपकिन्सन बार, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत]

म्हणून ही हॉपकिन्सन बार नावाची मांडणी. मॅरेजिंग स्टील या अतिशय दणकट पोलादाचे २० मिलिमीटर जाडीचे दोन बार एका रेषेत, मधे आपला तुकडा. टोकांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा पातळ हात. तो द्यायचा राहून गेला तर घर्षणाने तुकडा पिंपासारखा मधे फुगतो आणि धातू आहे त्याहून दणकट भासतो. तुकडा वायरकटवर, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी, कापला असेल तर वितळून गोठलेला कडक थर आधी घासून काढायचा. त्यात बारीक चिरा असतात.

नायट्रोजनच्या दाबाने २५० मिलिमीटरचा स्ट्रायकर, म्हणजे ठोकणारा दांडा, सुटतो आणि पहिल्या बारवर आदळतो, सेकंदाला १५ मीटर. फटक्याची लाट पोलादातून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते. स्ट्रायकरमधून जाऊन परत यायला तिला १०० मायक्रोसेकंद लागतात. फटका तेवढाच. तेवढ्यात तुकडा जवळजवळ एक पंचमांश आखूड होतो.

[दृश्य : आम्ल लावून पाहिलेला छेद, सूक्ष्मदर्शकाखाली]

हा तिरका पांढुरका पट्टा पाहा. जाडी केसापेक्षा कमी, कल साधारण ४५ अंश.

धातू दाबण्यात खर्ची पडलेल्या कामाचा सुमारे ९० टक्के भाग उष्णता होतो. टायटॅनियममध्ये ही उष्णता १०० मायक्रोसेकंदांत जेमतेम १७ मायक्रॉन सरकते. ॲल्युमिनियममध्ये ८०च्या आसपास. म्हणजे जिथे थोडं जास्त घसरलं, तिथली ऊब तिथेच साचते. तिथला धातू मऊ पडतो, मऊ पडला म्हणून आणखी घसरतो. सगळ्या तुकड्याचं तापमान सरासरी शंभरेक अंशच वाढलेलं असतं. पट्ट्यात मात्र कितीतरी जास्त. पट्ट्यातले हे गोल काळे ठिपके म्हणजे पोकळ्या. त्या एकमेकींना मिळाल्या की भेग.

मॅग्नेशियमची गोष्ट निराळी. एझेड३१ या त्याच्या मिश्रधातूच्या लाटलेल्या पत्र्याला लाटण्याच्या दिशेने दाबलं, तर स्फटिकाचे भाग ८६ अंशांनी पलटतात. आधी धातू सहज दबतो, मग एकाएकी ताठरतो.

[दृश्य : तुकड्याभोवती पोलादी कडी]

एक चकवा उरतो. लाट बारच्या टोकाहून परतते आणि तुकड्याला पुन्हा ठोकते. नोंद पहिल्या फटक्याची, भेग कदाचित तिसऱ्याची. म्हणून ही कडक पोलादाची कडी, तुकड्याहून किंचित बुटकी. तुकडा तिच्या उंचीपर्यंत दबला की पुढचा मार ती झेलते. ४.६, ४.४ आणि ४.२ मिलिमीटरच्या कड्या घेऊन तीन तुकडे ठोकायचे, तिन्ही उभे कापायचे, आणि पट्टा कुठवर पोचला ते छेदांवर मोजायचं.