चार ओळींचं पत्र

(दृश्य: खिडकी. बाहेर बर्फ. रेडिएटरवर घडी केलेली गोधडी, गोधडीवर मांजर.)

जर्सी सिटी, न्यू जर्सी. फेब्रुवारीतली सकाळ, साडेसात वाजलेत. रेडिएटरवरची गोधडी कोल्हापूरची, आजीच्या जुन्या इरकलीची. आणि तिच्यावर पाय ताणून पडली आहे ती चिंगी. वय साधारण पाच. डाव्या कानाला छोटीशी खाच आहे. बेघर प्राण्यांच्या शेल्टरमधून घरी आली तेव्हापासून ती तशीच आहे.

चिंगीला सांभाळणारी मुलगी तुम्हाला या फिल्ममध्ये दिसणार नाही. तिचे हात दिसतील, आवाज ऐकू येईल. चेहरा दाखवायचा नाही, नाव सांगायचं नाही, ही तिची अट होती. आम्ही ती लगेच मान्य केली. तिनं ती का घातली असेल, हे आपल्या घरांत वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

(दृश्य: हात. चहाचं आधण, आलं किसणं. मांजर ओट्याखाली घुटमळतंय.)

एमएस करायला ती २०१९ साली इथं आली. मे २०२१ मध्ये वडील गेले. कोविडची दुसरी लाट होती, व्हिसाचे स्टॅम्पिंग बंद होते. गेली असती तर परत कधी येता आलं असतं, कुणालाच सांगता येत नव्हतं. तिनं सगळं फोनवर पाहिलं.

(निवेदन थांबतं. फक्त आधणाचा आवाज.)

त्यानंतर रात्री दोन-अडीचला जाग येऊ लागली. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरत नाही. दोनदा इमर्जन्सीत जाऊन आली. ईसीजी स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, हे पॅनिक अटॅक आहेत. मग थेरपी सुरू झाली. आणि काही महिन्यांनी चिंगी आली.

चिंगी काय करते? काही विशेष नाही. रात्री ही मुलगी उठून बसली की चिंगी छातीशी येऊन बसते आणि घुरघुरते. मुलगी तिच्यावर हात ठेवते आणि त्या घुरघुरीच्या लयीत श्वास मोजते. हे चिंगीला कुणी शिकवलेलं नाही. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा ठरावीक काम शिकून येतो, त्याला इथं सर्व्हिस डॉग म्हणतात. चिंगीसारख्यांना म्हणतात इमोशनल सपोर्ट ॲनिमल, भावनिक आधाराचा प्राणी. तिचं सोबत असणं हेच तिचं काम.

(दृश्य: इमारतीचं दार बाहेरून. काचेवर पाटी: पाळीव प्राण्यांना मनाई.)

अडचण ही होती. मागच्या उन्हाळ्यात नोकरी बदलली, घर बदललं. नव्या इमारतीच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, स्पष्ट लिहिलेलं, पाळीव प्राणी चालणार नाहीत. लीजिंग ऑफिसात कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून हे दारच पाहून घ्या. ज्या दारातून ती चिंगीला न घेता आत गेली आणि चिंगीसाठीचा अर्ज देऊन बाहेर आली.

तो अर्ज कशाच्या जोरावर दिला? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शिकागोतले मोर्चे.)

१९६६. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत भाड्याच्या घरात राहायला गेले. कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नव्हतं, त्याविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले. ऑगस्टमध्ये अशाच एका मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. घरांच्या हक्काचा कायदा मात्र संसदेत अडकून राहिला. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. शहरं पेटली. आणि अवघ्या आठवड्यात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश पाहून घर नाकारायचं नाही.

(दृश्य: सहीचं छायाचित्र. हळूहळू पेनावर जातं.)

त्यात अपंगत्व नव्हतं. ते यायला आणखी वीस वर्षं लागली. १९८८ च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींना आणि मुलं असलेल्या कुटुंबांना या कायद्यात घेतलं. रोजचं जगणं लक्षणीयरीत्या अडवणारा मानसिक आजारही या व्याख्येत आला. आणि एक कलम आलं: अपंग व्यक्तीला इतरांसारखंच घर वापरता यावं म्हणून गरज असेल, तर घरमालकानं आपल्या नियमात वाजवी सवलत दिली पाहिजे.

या कलमात मांजर किंवा कुत्रा हे शब्दच नाहीत. आहे फक्त ‘नियमात सवलत’. आणि ‘प्राणी चालणार नाहीत’ हाही इमारतीचा एक नियमच. न्यायालयांनी आणि केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यानं पुढं याच वाटेनं अर्थ लावला. आधाराचा प्राणी हा पाळीव प्राणी धरायचा नाही. त्यामुळे त्याला मनाईचा नियम लागत नाही, वजनाची किंवा जातीची मर्यादा लागत नाही, आणि पाळीव प्राण्याचं डिपॉझिट किंवा दरमहा जादा भाडंही लागत नाही. गृहनिर्माण खात्याची २०२० सालची सविस्तर मार्गदर्शिका २०२५ मध्ये मागं घेण्यात आली. कायद्याचं कलम मात्र जागेवर आहे.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. झगमगीत जाहिराती: ओळखपत्र, जाकीट, प्रमाणपत्र.)

आता हे पाहा. इंटरनेटवर नुसतं शोधलं की हे सगळं समोर येतं. दहा मिनिटांची प्रश्नावली भरा, कार्डावर पैसे द्या, तुमच्या मांजराची ‘राष्ट्रीय नोंदणी’ झाली. फोटो असलेलं ओळखपत्र घरपोच. वर लाल जाकीट.

अशी कुठलीही सरकारी नोंदणी अस्तित्वात नाही. आधाराच्या प्राण्याला ओळखपत्र लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, जाकीट तर नाहीच. हे विकत घेणारी बरीच माणसं खरोखर गरजू असतात, घाबरलेली असतात, आणि नेमकी इथं फसतात. शिवाय अशा कागदांचा ढीग पाहून घरमालक खऱ्या कागदाकडेही संशयानं बघायला लागतात. त्याचा त्रास चिंगीच्या घरापर्यंत येतो. कॅलिफोर्नियानं यावर उपाय केला. २०२२ पासून तिथं आधाराच्या कुत्र्यासाठी असं पत्र देण्याआधी थेरपिस्टची आणि रुग्णाची किमान ३० दिवसांची ओळख असावी लागते.

(दृश्य: टेबलावर एक कागद. हात. अंगठा नावावर.)

आणि हा खरा कागद. तिनं तो आम्हाला दाखवला, नावावर अंगठा धरून. जवळून पाहा. वर थेरपिस्टचं नाव, परवाना क्रमांक, तारीख. खाली चार ओळी. ही व्यक्ती माझ्याकडे उपचार घेते. तिला अशी अवस्था आहे जिच्यामुळे तिच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. प्राण्याच्या सहवासानं तिचा त्रास कमी होतो. म्हणून तिच्या घरी हे मांजर असावं अशी माझी शिफारस आहे. सही.

या चार ओळींत आजाराचं नाव नाही.

मुद्दाम थांबून सांगतो, कारण आपली माणसं इथंच अडतात. निदान काय आहे हे घरमालकाला सांगावं लागत नाही. औषधं कोणती, फाईल दाखवा, डॉक्टरांशी बोलायचंय, असं त्याला म्हणता येत नाही. अपंगत्व वरून दिसत नसेल, तर ते आहे आणि प्राण्याची गरज त्याच्याशी जोडलेली आहे, एवढ्याची विश्वासार्ह खात्री तो मागू शकतो. बस. आणि तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात, यावर हा हक्क अवलंबून नाही.

तिला हे माहीत नव्हतं. पत्र हातात आल्यावर तीन आठवडे ते ड्रॉवरमध्ये पडून होतं.

(दृश्य: ड्रॉवर. वाटाण्याची पाकिटं, रबर बँड, जुनी चावी, पासपोर्ट साईझ फोटो.)

या ड्रॉवरमध्ये.

तोपर्यंत चिंगी एका मैत्रिणीकडे एडिसनला होती. ही दर शनिवारी ट्रेननं जाऊन तिला भेटून यायची.

मग एका रविवारी तिनं अर्ज लिहिला. तोंडी सांगितलं तरी कायद्यानं चालतं, पण लेखी असलेलं बरं, तारखेसकट. ऑफिसानं आधी पत्र मागितलं, ते दिलं. मग उत्तर आलं की मांजर आणा, पण पाळीव प्राण्याचं डिपॉझिट भरा. तिनं थेरपिस्टला विचारून परत लिहिलं की हे पाळीव प्राण्यात मोडत नाही, हा सवलतीचा अर्ज आहे. दोन दिवस काहीच नाही. मग एका ओळीचा मेल आला: मंजूर.

(दृश्य: उंच काचेचं न्यायालय नाही, एक साधी टाउनहाउसची वस्ती. पाट्या, कचऱ्याचे डबे, पळणारा कुत्रा.)

न्यू जर्सीत तिच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. ग्लॉस्टर टाउनशिपमधल्या एका कॉन्डो वस्तीत, म्हणजे मालकीच्या घरांच्या सोसायटीत, कुत्र्याच्या वजनाला ३० पौंडांची मर्यादा होती. तिथल्या एका जोडप्यानं लुना नावाची कुत्री आणली, मर्यादेच्या दुपटीहून जड. बाईंना मानसिक आजार होता, कुत्री त्यांच्या आधारासाठी होती. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की असा अर्ज पाळीव प्राण्याच्या नियमानं मोजायचा नाही. रहिवाशानं अपंगत्व आणि गरज दाखवायची. सवलत अवाजवी आहे असं वाटत असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी वस्तीची. आणि त्याआधी दोघांनी प्रामाणिकपणे एकमेकांशी बोलायचं. प्राण्याला खास प्रशिक्षण हवं, ही अट नाही.

बोलायचं! आमच्या मते निकालातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. नुसती पाटी दाखवून दार लावता येत नाही.

(दृश्य: जुनं दोन मजली लाकडी घर. खाली मालकाची गाडी, वर दोरीवर कपडे.)

हे घर मात्र नीट पाहून ठेवा. खाली मालक, वर भाडेकरू. आपले कितीतरी विद्यार्थी अशाच घरांत राहतात. दोनच बिऱ्हाडांची इमारत असेल आणि एकात मालक स्वतः राहत असेल, तर सवलतीची ही सक्ती त्याच्यावर नसते. तिथं समजूत घालणं एवढंच हाती असतं. विद्यापीठाच्या वसतिगृहांना मात्र कायदा लागू होतो. नेब्रास्कातल्या कर्नी इथल्या विद्यापीठानं एका विद्यार्थिनीला तिच्या छोट्या कुत्र्यासाठी नकार दिला, तेव्हा २०१३ साली न्यायालयानं तसं स्पष्ट केलं.

घराबाहेर हा हक्क संपतो. दुकान, हॉटेल, मंदिर, कुठंच नाही. २०२१ पासून विमान कंपन्यांनाही अशा प्राण्याला वेगळी सवलत द्यावी लागत नाही.

(दृश्य: हात मांजराची शी-शूची पेटी स्वच्छ करतायत. लसीचा कागद फ्रिजवर मॅग्नेटनं.)

तिच्या बाजूच्या जबाबदाऱ्या याच. लस, स्वच्छता, आवाज. चिंगीनं गालिचा फाडला तर भरपाई तिचीच. प्राणी खरोखर कुणाला इजा करणारा असेल तर घरमालक नकार देऊ शकतो. शेजाऱ्याला ॲलर्जी असेल तर दोघांचाही विचार करून मार्ग काढावा लागतो. बेकायदा नकार मिळाला तर राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत, केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षात तक्रार करता येते. न्यायालयाचा मार्ग दोन वर्षं खुला असतो.

(दृश्य: फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. व्हिडिओ कॉल. पलीकडचा चेहरा धूसर.)

रविवारी रात्री. कोल्हापुरात सोमवारची सकाळ. आईला पत्राचं आजच सांगितलंय.

“अगं, मांजराला कसली गं डॉक्टरची चिठ्ठी? आपल्याकडं तर आपसूक येतात की दारात.”

“आई, चिठ्ठी मांजराला नाही. मला आहे.”

(निवेदन थांबतं. आई काही बोलत नाही. बावीस सेकंद. हा शॉट कापायचा नाही.)

“...झोप लागते का आता?”

“लागते.”

(दृश्य: लीजच्या नूतनीकरणाचं पान. पेन. मांजराचं शेपूट कागदावरून जातं.)

नव्या वर्षाचं लीज. दुसऱ्या पानावर दोन रकाने. घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक. पाळीव प्राणी: नाही. दोन्ही खरं आहे. ती सही करते.

(दृश्य: रेडिएटर. गोधडी. आवाज फक्त घुरघुरीचा.)