बँडमास्तर

(दृश्य : मिरज, लक्ष्मी मार्केटचा रस्ता. वरात पुढे सरकते आहे.)

वरात आली की सगळ्यांची नजर नवरदेवाच्या घोड्यावर जाते. आज आपण क्लॅरिनेट धरलेल्या माणसाकडे बघूया. त्याच्या हातात छडी नाही, समोर नोटेशनचा स्टँड नाही. चालता चालता तोच वाजवतो आणि तोच सगळ्यांना सांभाळतो. मुखडा त्याने एकट्याने घ्यायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. कडवं संपत आलं की क्लॅरिनेट जरासं वर उचललं जातं. साइड ड्रमवाल्याला तेवढी खूण पुरते. हा मास्तर.

बँड आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या पलटणीबरोबर. त्यांचं बघून संस्थानिकांनीही बँड ठेवले. बडोदा, म्हैसूर ही त्यातली मोठी नावं. वाद्यं तर आपल्याला वाटतात त्याहून नवी. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभं केलं, तेव्हा सॅक्सोफोनला पेटंटसुद्धा मिळालेलं नव्हतं. अडॉल्फ सॅक्सने ते घेतलं १८४६ साली.

८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. दरबार संपले. बँडला जगवलं ते लग्नसराईने आणि गणपतीने. सनई, डफ, हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेल्या होलार, मातंग समाजातले कितीतरी हात क्लॅरिनेट आणि ड्रमवर बसले. लय त्यांच्याकडे आधीपासून होतीच.

(दृश्य : तालमीची खोली. ट्रम्पेटच्या बटणांवर बोटं.)

ट्रम्पेटला बटणं तीन. मधलं दाबलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलं दाबलं की एका स्वराने, तिसरं दाबलं की दीड स्वराने. एकही बटण न दाबता, नुसत्या ओठांच्या ताणावर सा, प, वरचा सा, त्याच्या पुढचे ग आणि प निघतात. म्हणून नव्या पोराचे आधी ओठ तयार करून घ्यावे लागतात, बोटांचं नंतर बघता येतं. ओठ सुजतात, श्वास पुरत नाही, आणि मास्तर मात्र एकच लांब सूर पुन्हा पुन्हा धरायला लावतो.

ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटची, म्हणजे त्यांचा सा पेटीवरच्या काळी पाचवर पडतो. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, काळी दोन. तेच गाणं, तीच पट्टी, पण सॅक्सोफोनवाल्याची बोटं वेगळी पडणार. लिहिलेल्या संगीतावर चालणाऱ्या बँडमध्ये प्रत्येकाला त्याच्या वाद्याचा वेगळा कागद मिळतो. इथे तो सगळा हिशोब मास्तरच्या डोक्यात असतो आणि तो एकेकाला तोंडाने सरगम म्हणून दाखवतो. नाट्यगीतातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कुणाला द्यायची हेही त्यानेच ठरवायचं. ट्रम्पेटची बटणं सूर तोडतात. क्लॅरिनेटच्या भोकांवरून बोट हळूहळू सरकवता येतं, म्हणून अशी ओळ मास्तर बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवतो.

याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव, त्यामुळे त्याचा अभिमान आम्हाला आहेच. पण त्याच गावात कानावर एवढं संगीत पेलणाऱ्या माणसाला आपण ‘बँडवाला’ म्हणून बाजूला बसवतो आणि पंगत उठल्यावर वाढतो, याचं वाईट वाटतं.

मास्तरचं काम वाजवण्यावर संपत नाही. सुपारी घ्यायची, माणसं जमवायची, चांगला युफोनियमवाला (युफोनियम म्हणजे भारदस्त आवाजाचं मोठं पितळी वाद्य) दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याला सीझनआधी उचल द्यायची. गणवेश, टेम्पो, जेवण, सगळं त्याच्याच अंगावर. पावसाळ्यात सुपाऱ्या थांबतात. मग कुणी रंगकामाला जातो, कुणी शेतावर. त्यातच डॉल्बीने मिरवणुका खेचून घेतल्या. दोन ऑपरेटरांत भागतं, वीस जणांचं जेवण घालावं लागत नाही.

(दृश्य : तीच खोली. सगळी पथकं आता गणपतीच्या तयारीला लागली आहेत.)

आषाढात नवी गाणी बसवायला घेतात. मास्तर मोबाइलवर गाणं लावतो, डोळे मिटून दोनदा ऐकतो आणि पट्टी सांगतो. मग क्लॅरिनेट बाजूला ठेवून एखाद्या तरुण पोराला पुढे उभं करतो. मुखडा आता त्याने घ्यायचा. चुकला तरी थांबायचं नाही. रस्त्यावर कुणी थांबत नसतं. पुढच्या ओळीवर सगळ्यांना पुन्हा गोळा करायचं.

“परत,” मास्तर म्हणतो, “आणि या वेळी ड्रमकडे बघ.”